शेवटच्या चार बाटल्या

पेशी वाढवायच्या खोलीत ताईंची अठ्ठावीस वर्षं गेली. साऱ्या इमारतीच्या त्या ताई. खरं नाव राहिलं ते हजेरीपटावर. हात असा की त्यांच्या हातची बाटली कधी नासली नाही. म्हणूनच संशोधन करणारी ती पोरगी, जिला सगळे ‘चौथं वर्ष’ म्हणून चिडवत, आपलं काम डोळे मिटून त्यांच्यावर टाकायची.

काम दिसायला साधं. पेशीला धरून बसायला जागा लागते. ती सुटली की पेशी आपण होऊन मरते, तिला कुणी मारावं लागत नाही. ताई बाटलीच्या तळाशी चिकटलेल्या पेशी सोडवायच्या, नळीने तीसदा वरखाली ओढून एकेक सुटी करायच्या आणि ज्यांच्या तळाला काही चिकटतच नाही अशा ताटल्यांत सोडायच्या. दोन दिवसांनी रंग घालायचा: जिवंत ती हिरवी, मेली ती लाल. पोरीचं म्हणणं, तिच्या औषधाने पेशी आधार सुटूनही जगतात. तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा औषधाच्या ताटल्या हिरव्यागार. आता ही चौथी फेरी जुळली की प्रबंध बांधायचा आणि घर गाठायचं. आईपाशी ठेवलेली तिची चार वर्षांची लेक आता आजीला ‘आई’ आणि हिला ‘फोनवाली आई’ म्हणू लागली होती.

चौथी फेरी नेमकी उलटी निघाली. साध्या, बिनऔषधाच्या ताटल्या हिरव्या, औषधाच्या लाल.

पोरीने ताटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. मग हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, चिठ्ठ्या उलट्या लागल्या असतील ना? दमला होतात तुम्ही त्या दिवशी. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर मी तसंच लिहिते.”

बघून सांगते म्हणत ताई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. हिरव्या पेशी एकट्या नव्हत्याच. पाच-सात, दहा-बारा, पुरात सापडलेल्या माणसांसारख्या एकमेकींना धरून होत्या. तळ नाही तर नाही, शेजारणीचा आधार केला आणि तगल्या बिचाऱ्या. देवाची करणी खरी, पण गठ्ठे राहिले म्हणजे सोडवणारा हात कमी पडला, हेही तितकंच खरं.

आणि हात कुणाचा? वर्षभर मनगट ठणकत होतं. आठ बाटल्यांतल्या पहिल्या चारांना तीसदा ओढून व्हायचं, शेवटच्या चारांना पंधरावर हात थांबायचा आणि तोंड मात्र तीसपर्यंत मोजून मोकळं व्हायचं. आधी साध्या, मग औषधाच्या, ही त्यांची जन्माची सवय. या खेपेला मात्र उबेच्या कपाटात औषध घातलेल्या पेशींच्या बाटल्या पुढे होत्या, म्हणून त्या आधी घेतल्या गेल्या. म्हणजे हिरवा रंग औषधामागे नव्हे, दमलेल्या हातामागे फिरत होता. त्यांनी जुने फोटो काढून पाहिले. गठ्ठे तिथेही होते; सगळे हिरवं मोजण्यात गुंग, एकट्या किती हे कुणी पाहिलंच नव्हतं.

एक ‘हो’ म्हटलं असतं तर पोरगी महिन्याभरात लेकीपाशी असती. ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. देवाला कसले पुरावे लागतात? तो हातात बसून बघतच असतो.

“चिठ्ठ्या बरोबर आहेत गं,” त्या म्हणाल्या. “चूक माझ्या मनगटाची आहे. आजची नाही, चारही वेळची.”

मग सगळं सांगितलं. पोरगी ऐकत गेली तशी खुर्चीत खाली खाली गेली.

“दुखतंय म्हणून एकदा सांगायचंत तरी.”

“सांगितलं असतं तर खोलीतून काढलं असतं. इथून सुटून कुठं जाऊ मी?”

पोरीने तिथूनच घरी फोन लावला, अजून तीन महिने म्हणून सांगितलं, आणि पलीकडचं निमूट ऐकून घेतलं. लेक फोनवर आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. ‘येऊ का’ नाही, काही नाही. ताईंच्या हातातली नळी काढून घेतली, त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं आणि पहिली बाटली उघडली.

“मी ओढते. तुम्ही मोजा. मोठ्याने मोजा.”

ताई मोजू लागल्या.