दुसऱ्याच्या नावाचं उत्तर

माझे बाबा आमच्या समुद्रकाठच्या गावी, मेहदियाच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर इतर म्हातारे बंदरावरच्या कॅफेत पत्ते कुटायला बसले आणि बाबा राजेरजवाड्यांना पत्रं लिहायला बसले. कुठल्या राजघराण्यात मूल जन्मलं, कुणाचं लग्न ठरलं, कुठे नवे धर्मगुरू गादीवर आले, कुठे कोणी गेलं, की बाबांचं पत्र निघालंच. अभिनंदनाचं नाहीतर सांत्वनाचं. कधी कुणाकडे काही मागितलं नाही. "मागायला सगळेच लिहितात," ते म्हणायचे. "नुसतं बरं वाटलं म्हणून कोण लिहितं?"

आणि उत्तरं यायची. जाड, मऊ कागद, वर उठावदार मुकुट नाहीतर क्रूस. एका बेटावरच्या म्हाताऱ्या आर्चबिशपांनी तर बाबांना आपल्या मठाच्या बागेतल्या लिंबांबद्दल लिहिलं होतं. पण बहुतेक उत्तरं छापील असायची: महाराजांनी आपल्या भावना जाणल्या, महाराज आभारी आहेत, खाली कुणा सचिवाची सही. बाबांना तेवढंही पुरायचं. पोस्टमन आला की ते आधी कोट चढवायचे आणि मग पाकीट फोडायचे.

आई हे सगळं बघून, 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत' लावून, म्हणायची, "अहो सी खमैस, राजाच्या आत्याच्या तेराव्या नातवाची तुम्हाला खबर. माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला एक फोन केलात का?"

"फोन काय, कोणीही करतं."

"मग तिला पत्र लिहा! मुकुट मी काढून देते वर."

आमच्या गल्लीतल्या मशिदीचे इमाम, शेख तिजानी, तेही सोडायचे नाहीत. "सी खमैस, आर्चबिशपांची तब्येत कशी आहे? नाही म्हटलं, शुक्रवारी तुम्ही आमच्याकडे दिसत नाही, तिकडे जाता की काय?"

तर एका हिवाळ्यात युरोपातल्या एका छोट्याशा राज्याच्या राणीचा नवरा वारला. राज्य एवढंसं, की नकाशावर अंगठा ठेवला तर झाकून जाईल. नाव मी मुद्दामच घेत नाही; तिथल्या कचेरीतल्या एका बाईंना माझ्यामुळे त्रास व्हायला नको. बाबांनी चांगलं चार पानी पत्र लिहिलं, मृत्यूवरच्या जुन्या अरबी ओळी फ्रेंचमध्ये उतरवून घातल्या, तीनदा पक्कं केलं आणि टाकलं.

वसंतात उत्तर आलं. मी दुपारी औषधांचं दुकान बंद करून जेवायला घरी आले होते. बाबा कोट घालून टेबलाशी बसले आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागले.

"प्रिय मादाम..." ते थांबले. चष्मा पुसला. "प्रिय मादाम मबरूका, आपण पाठवलेला विणलेला पट्टा राणीसाहेबांना पोहोचला. आपले पती आणि राणीसाहेबांचे पती एकाच आठवड्यात गेले, हे वाचून..."

"मबरूका कोण?" आई म्हणाली.

बाबांनी पाकीट उलटंपालटं केलं. पाकिटावर नाव त्यांचंच होतं. पत्राच्या डोक्यावर मात्र कुणा मबरूकाबाईंचं नाव आणि गाव, पार दक्षिणेत, तातवीनच्या पुढे डोंगरात. कचेरीत दोन्ही उत्तरं आमच्याच देशाची, एकाच दिवशी निघाली असणार, आणि पाकिटं अदलाबदल झाली असणार. हे माझ्या लगेच लक्षात आलं. बाबांचं लक्ष मात्र पत्राच्या तळाशी होतं. तिथे छापील मजकूर संपून निळ्या शाईत हाताने लिहिलेल्या ओळी होत्या आणि खाली राणीची स्वतःची सही होती.

इतक्या वर्षांत बाबांना कुणी हाताने एक ओळ लिहिली नव्हती. आर्चबिशपांची लिंबंसुद्धा टाइप केलेली होती.

"म्हणजे तुमच्यापेक्षा चांगलं लिहिणारं कोणीतरी आहे तर," आई म्हणाली. मग तिला बाबांचा चेहरा दिसला. तिने हात पुढे केला, पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "निळी शाई वाचू नका. ती तिची आहे."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "बाबा, पोस्टात टाकू का मी?" तर म्हणाले, "पोस्टाचा काय भरवसा? एकदा चुकलं ते पुन्हा चुकेल." त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या बाईंना फ्रेंच कुठून येणार?" आणि मग, "आधी कचेरीला कळवावं लागेल, रीतसर." पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मधूनच ते बाहेर काढायचे, घडी न उघडता हातात धरायचे आणि परत ठेवायचे. मला कळत होतं की त्यांच्याने ते सोडवत नाही.

शेवटी काय करावं हे कळेना, तेव्हा त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे पत्र लिहिलं. शेख तिजानींना! शेख राहतात आमच्यापासून चार दारं सोडून. तरी बाबांनी रीतसर 'पूज्य गुरुवर्य' वगैरे घालून विचारलं, की दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्या पाकिटात आलं तर धर्म काय सांगतो? वर तिकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आमच्या दारात आवाज घुमला. हातात पावाची पिशवी घेऊन शेख उभे होते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. "सी खमैस! अमानत आहे ती, अमानत! ज्याची त्याला द्यायची. ह्यासाठी तिकीट कशाला फुकट घालवलंत? आणि उत्तर हेच समजा, माझ्याकडे मुकुटाचा कागद नाही!"

बाबा लाल झाले. पण संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "तुझी गाडी एवढ्या लांब जाईल का?"

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. आई म्हणाली होती, "मी नाही येत, राण्यांच्या भानगडीत मी कशाला?" आणि सर्वांत आधी गाडीत तीच बसली होती. मांडीवर मक्रूदचा, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्यांचा डबा आणि पायाशी खारवलेल्या सार्डिनची बरणी. स्फाक्स गेलं, गाबेस गेलं, ऑलिव्हची झाडं विरळ होत गेली.

गावात विचारलं तर एक माणूस म्हणाला, "मबरूकामावशी? राणीवाली ना? ती बघा, वरची निळी चौकट."

मबरूकामावशी दाराशीच लोकर पिंजत बसल्या होत्या. ठेंगण्या, हनुवटीवर जुनं गोंदण. आम्ही कोण, कुठून आलो, हे न विचारताच त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. भिंतीवर, कुराणातल्या आयतीच्या खालच्या खिळ्याला, एक कागद टांगलेला होता. वर मुकुट. बाबा जवळ गेले आणि वाचू लागले. "प्रिय श्री. खमैस, माननीय मुख्याध्यापक..."

"हो, तेच," मावशी म्हणाल्या. "राणीनं मला पुरुष करून टाकलंय! दवाखान्यातल्या नर्सनं वाचून दाखवलं. मी म्हटलं, बिचारी दुःखात आहे, बाई कोण नि बाप्या कोण, सुचत नसेल तिला. तरी लिहिलं हेच खूप. पण मुख्याध्यापक कशाला केलं ते काही कळलं नाही. मला तर अलिफ अक्षरही येत नाही."

"ते मी," बाबा म्हणाले.

"काय?"

"मुख्याध्यापक. तो मी. आणि हे तुमचं." त्यांनी कोटाच्या खिशातून घडी काढली.

मावशींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत बाबांच्या हातात दिली. "वाचा मग. शाळेतला तो मास्तर, ज्यानं माझं लिहून दिलं, त्याची तर बदली झाली."

तेवढ्यात सून चहाचं तबक घेऊन आली. माणसांपेक्षा एक पेला जास्त होता. तिच्याही ते लक्षात आलं असावं. ओशाळून तिने तो उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," मावशी कडक आवाजात म्हणाल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा आहे. ह्या सगळ्या म्हणतात, मेलेल्या माणसाचा पेला मांडू नये, अपशकुन असतो. मुलगा ओरडतो. इमाम म्हणतात सोड. मी राणीला टीव्हीवर बघितली, नवऱ्याच्या त्या शवपेटीमागून चालताना. म्हटलं, हिलाच विचारावं. हिच्या घरी काय करतात? बाकी मला काही नको होतं तिच्याकडून."

बाबांनी छापील भाग वाचला, थांबत थांबत, फ्रेंचमधून आमच्या बोलीत आणत. मग निळ्या शाईपाशी आले. तोवर त्यांनी ती खरंच वाचलेली नव्हती, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगते," ते वाचत होते. "त्यांचा कप मी अजून मांडते. आमच्याकडेही लोक नको म्हणतात, आणि मोठमोठे लोक म्हणतात. मी ऐकून घेते आणि मांडते. एक दिवस हात आपोआप थांबेल असं वाटतं. तोवर तुम्ही मांडा, मीही मांडते. सकाळी चहाच्या वेळी मला तुमची..."

पुढे बाबांना वाचता येईना. वर्गात चाळीस-चाळीस मुलांसमोर ज्यांचा आवाज कधी हलला नाही, ते माझे बाबा चष्मा काढून भिंतीकडे बघत उभे राहिले. शेवटची ओळ मीच वाचली. "सकाळी चहाच्या वेळी मला तुमची सोबत आहे असं मी समजेन."

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त सुनेकडे पाहिलं, खटला जिंकलेल्या माणसाने बघावं तसं, आणि मग सुनेचाच हात धरून स्वतःकडे ओढला. आईने चहाची किटली उचलली. कुणाला न विचारता आधी तो रिकामा पेला भरला आणि मग आमचे.

जेवायला भट्टीतली भाकरी, ऑलिव्हचं तेल, वाळलेले अंजीर आणि आमची सार्डिन. जेवताना मावशी बाबांना म्हणाल्या, "तुम्ही हे पोस्टात टाकलं असतं तरी चाललं असतं. एवढं लांब आलात. देव तुमच्या आईबापांना सुखात ठेवो."

"खिशात ठेवून झोपत होते," आई म्हणाली. "इमामांनी गल्लीत ओरडून सांगितलं, तेव्हा निघाले."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाबाही हसले.

निघण्याआधी मावशींनी राणीला आभाराचं पत्र सांगितलं आणि बाबा ते लिहायला बसले. मावशी म्हणाल्या, "लिहा, पत्र पोहोचलं." बाबा बराच वेळ लिहीत राहिले.

"एवढं काय लिहिताय?"

"आपल्या कृपापत्राच्या आगमनाने आमच्या अंतःकरणात..."

"मी असं कुठे म्हटलं? पोहोचलं म्हटलं, तर पोहोचलं लिहा."

बाबांनी कागद फाडला आणि नवा घेतला. ते पत्र अर्धं पानही भरलं नाही. पोहोचलं. मुख्याध्यापकांनी आणून दिलं, भले लोक आहेत. मी मांडते. तुम्हीही मांडा. मेंढ्या बऱ्या आहेत. खाली मावशींनी अंगठा उठवला.

परतीच्या वाटेवर बाबांच्या मांडीवर त्यांचं स्वतःचं उत्तर होतं. ते त्यांनी परत वाचलं नाही. अंधार पडल्यावर स्फाक्सच्या आसपास म्हणाले, "इतकी वर्षं मी त्यांना काहीच विचारलं नाही. एक प्रश्न नाही. मग ते तरी काय लिहिणार?"

उन्हाळ्यात मावशींना उत्तर आलं. छापील. राणीसाहेब आभारी आहेत, इतकंच. नर्सने ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा बाबा इतके हिरमुसले, की जणू त्यांचाच अपमान झाला. त्यांनी मावशींची समजूत घालायला फोन केला.

"अहो गुरुजी," मावशी पलीकडून म्हणाल्या, "माणूस एक गोष्ट किती वेळा सांगणार? सांगून झालं तिचं. तिला तिची कामं आहेत. तुमची मालकीण कुठे आहे? तिला द्या फोन, मला त्या माशांचं विचारायचंय."

तेव्हापासून आई आणि मबरूकामावशींचे फोन सुरू झाले, ते अजून चालू आहेत.

एकदा असाच फोन ठेवून आई बाबांच्या टेबलाशी आली. "ते कुणी अदलाबदल केलं असेल हो? पाकिटांचं?"

"असेल कोणी कारकून. माझ्या उत्तराखाली सही आहे, मादाम ओडील."

"तिला कोण पत्र लिहीत असेल?"

"तिला कशाला कोण लिहील?"

"तुम्ही लिहा."

बाबा घाबरले. "चूक वरिष्ठांना कळली तर नोकरीवर बेतेल तिच्या."

"चूक लिहायला कोण सांगतंय? आभार लिहा. बसा, मी सांगते." आणि माझी आई, जिने आयुष्यभर त्या टेबलावर नुसती कॉफीची कपबशी आपटली होती, खुर्ची ओढून बसली. तिने सांगितलं ते असं: बाई, तुमच्या हातून गेलेली दोन उत्तरं दोन घरी नीट पोहोचली. त्यामुळे आमची ओळख झाली. एवढी पत्रं येतात तर तुमचे डोळे दुखत असतील. आम्ही तुमचे आभारी आहोत. समुद्राकडे आलात तर घरी या.

बाबांनी एक शब्दही वाढवला नाही.

उत्तर यायला फार दिवस लागले नाहीत. साधा पांढरा कागद, वर मुकुट नाही, सगळं हाताने लिहिलेलं. ओडीलबाईंनी लिहिलं होतं: पाकिटांची अदलाबदल त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आली होती, पण टपाल गेलेलं होतं. कितीतरी रात्री त्याची टोचणी लागली होती. ती विधवा बाई वाट बघत बसली असेल असं वाटायचं. बावीस वर्षं ह्या टेबलावर आहे, हजारो लोकांना आभार लिहिले, मला आलेलं हे पहिलंच. माझे डोळे दुखतात हे तुम्हाला कसं कळलं?

बाबांनी एकदा वाचलं. आई म्हणाली, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं.

"डोळ्यांचं माझ्या मुलीला विचारून सांगते म्हणावं," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "काय गं, कुठले थेंब चालतील तिला? घ्या हो कागद, आत्ताच लिहून टाका. नाहीतर विसराल."

बाबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि पेनचं टोपण काढलं.