तळ्याकाठचं शेत

धनराज समुद्र बघून आला आणि गावातल्या चिंचेच्या मागं साडेसाती लागली. हा पंचायतीचा अध्यक्ष, म्हणजे गावचा सरपंचच. लग्नाला म्हणून किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शहरात गेला, तर तिथला समुद्रासमोरचा चौक त्याच्या डोक्यात जाऊन बसला. गुळगुळीत फरशी, स्टीलचे कठडे, पाण्याकडं तोंड केलेली बाकं, आणि मधे नजर अडवायला एकही झाड नाही. आपल्या तळ्याकाठी अगदी अस्साच चौक करायचा, असं तो मोबाइलमधले फोटो दाखवत सांगत सुटला. उन्हाळ्यात आमच्या तळ्यात म्हैससुद्धा धड बुडत नाही, पण अध्यक्षाला सांगणार कोण?

तळ्याकाठचा चौक होताच की. मधे चिंच, तिच्याभोवती दगडी कट्टा आणि पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. बहात्तरच्या दुष्काळात रोजगारावर आलेल्या बायकांनी तळं खोदलं आणि निघालेल्या दगडाचा कट्टा मुकादमाशी भांडून बांधून घेतला. डोक्यावरची पाटी उतरवून शेजारी ठेवता यावी एवढी पायरी रुंद पाहिजे, हेही त्यांनीच ठरवलं. भांडणाऱ्यांत राजूबाईची सासू सगळ्यांत पुढं होती. शेत तिलाही नव्हतं आणि राजूबाईलाही नाही. राजूबाई त्याच कट्ट्यावर भाजी विकते. चिंच गेली तर उन्हात ना भाजी टिकणार, ना राजूबाई.

तिनं पंचायतीत जाऊन विचारलं, "झाड कामून तोडायलास, धनराज?"

"अक्का, तळं दिसाय पाह्यजे न्हाई का?"

"तळं काय पळून जायलंय?"

सगळे हसले. धनराजही हसला, पण चौक काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस झाडाला चुन्याची खूण करून गेला, तेव्हा राजूबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. वेळ अमावस्येला सगळं गाव आपापल्या शेतात असतं, म्हणजे चिंचेपाशी अडवायला कुणीच नाही. कडब्याची खोप करायची, पाच दगड मांडून पांडव पुजायचे, दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी खायची, वर ताकातली आंबील प्यायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. ज्यांना शेत नाही, त्यांना शेतवाले बोलावतात. राजूबाई दरसाल धनराजच्याच शेतात जेवायची. यंदाही त्यानं आठवणीनं निरोप धाडला होता. तिकडं तिला आंबील पाजायची आणि इकडं चिंचेवर करवत चालवायची! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी गाव शेताकडं निघालं आणि राजूबाई उलटी कट्ट्याकडं निघाली. सोबत तिच्यासारख्याच शेत नसलेल्या बायका होत्या. त्यांनी चिंचेच्या बुंध्याला कडबा लावून खोप केली, पाच दगडांना चुना फासून पांडव मांडले. भज्जीत कोळ याच चिंचेचा होता.

मशीनची करवत घेऊन माणसं आली ती खोप बघून जागीच थबकली. तीही याच भागातली. सणाच्या दिवशी घरचं जेवण सोडून आलेली. पांडवांसमोर करवत कोण चालवणार? राजूबाईनं त्यांना हात धुवायला सांगितलं. करवत पायरीवर ठेवून ती माणसं मुकाट पंगतीला बसली.

कुणीतरी शेतात खबर पोचवली. धनराज मोटारसायकलवरून तणतणत आला. झाड पंचायतीचं आहे, कुणाच्या बापाचं नाही, असं तो सगळ्यांदेखत ओरडला. मग पंगतीकडं बघून त्यानं आवाज खाली आणला आणि अक्का, हे सगळं आवर, चल आपल्या शेतात, असं समजावू लागला.

राजूबाई जागची हलली नाही. तिनं एक पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, आंबिलीचा तांब्या शेजारी ठेवला.

"दरसाल मी तुझ्या शेतात जेवले. औंदा तू माझ्या शेतात जेव."

"हे शेत हाय व्हय, अक्का?"

"माझ्या सासूनं दगड वाहिलेत हितं. माझं शेत हेच."

वेळ अमावस्येला वाढलेल्या पानावरून उठून गेलेला माणूस गावानं आजवर पाहिला नव्हता. करवतवाल्यांचे हात तोंडाशी थांबले. शेवटी धनराजनं चपला काढल्या आणि तो सावलीत पानावर बसला.

त्यानं पहिला घास घेतला तसं राजूबाई म्हणाली, "दरसाल जेवले, पण तुझ्या शेतातली काडी कधी मोडली न्हाई मी. आता तूबी ध्यानात ठेव." आणि तिनं त्याला पुन्हा भज्जी वाढली.