भरलेली गाडी

"सही कर ना. पेनातली शाई संपली का?" साहेब हसत म्हणाले.

ब्रेकवाला हसला नाही. "वाचून करतो," म्हणाला आणि ब्रेकच्या चाचणीचा अहवाल घेऊन जागेवर आला.

गाडीनं कधी आणि किती जोरात थांबायचं, याचा प्रोग्रॅम तो अकरा वर्षं लिहीत होता. पगारवाढ मागायलाही दरवर्षी जात होता.

पहिल्या वर्षी: बाजार मंद आहे.
चौथ्या वर्षी: पुढच्या वर्षी नक्की.
सातव्या वर्षी: तू तर घरचाच माणूस!

घरपोच भाजीचं ॲप लिहिणारा मेहुणा दुप्पट कमवायचा. "दाजी, तुमच्या पगारालाच ब्रेक लागलाय."

आणि आज सकाळी पत्र. चाळीस टक्के वाढ. न मागता.

त्यानं बायकोला फोन लावला.

"चाळीस? नाव तुझंच आहे ना?"

"तीनदा बघितलं."

"मग आवाज का पडलाय?"

"सकाळी पत्र, दुपारी सही. कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला सरळ काही पचतच नाही. घे गुपचूप."

त्यानं अहवाल उघडला. पान सहा.

ओला रस्ता, गाडी रिकामी: ४१.३७ मीटरवर थांबली.
ओला रस्ता, गाडी भरलेली: ४१.३७ मीटरवर थांबली.

जुळ्या पोरांचं वजनही इतकं सारखं भरत नाही. तो अहवाल घेऊन परत साहेबांकडे गेला.

"साहेब, भरलेली गाडी चालवलीच नाही ना कोणी?"

"सोमवारी गाड्या बाहेर पडतायत रे. आकडा थोडा इकडे तिकडे." साहेबांनी चहा त्याच्याकडे सरकवला. "पत्र मिळालं ना?"

इतक्या मायेनं विचारलं, की उरलीसुरली शंकाही फिटली.

"चाचणी घेतो. मग सही."

"मग पत्र ठेव इथंच. अजून वर पाठवलेलं नाही मी."

त्यानं खिशातून काढून ठेवलं. चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीच्या रस्त्यावर पाणी सोडलं होतं. ड्रायव्हर गाडीत वाळूची पोती भरत होता.

"एक फाटलं," तो वैतागून म्हणाला. "एका माणसाचं वजन कमी पडतंय. टाकू का अंदाजे?"

"नको."

ब्रेकवाल्यानं मागचं दार उघडलं, सीटवरची वाळू हातानं झटकली, बसला, पट्टा लावला.

"पंच्याहत्तर किलो," तो म्हणाला. "लिहून घे."

ड्रायव्हरनं लिहून घेतलं.