हार मला, बुरशी गाण्यांना

मी हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र बोलतोय. नाशिकच्या एका जुन्या वाचनालयात माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म हॉलंडमधला. तिथल्या एका ग्रंथालयाने या वाचनालयाशी करार केला होता. त्यांच्या इंगेबाईंनी सुरगाण्याच्या डोंगरात जाऊन भागीबाईंची कणसरीची गाणी टेपवर घेतली होती. कणसरी म्हणजे धान्याची देवी. त्यांच्या पाड्यावर तिची अख्खी कथा गाऊन सांगणाऱ्या भागीबाईच काय त्या उरल्या होत्या. मूळ टेपा नाशिकला राहाव्यात, एक प्रत हॉलंडला जावी, म्हणजे इथे काही झालं तरी तिथे गाणं राहील, असं ठरलं. आणि पावसाळ्यात टेपांना बुरशी धरू नये म्हणून त्यांनी मला पाठवलं.

१९९७ च्या उन्हाळ्यात नाशिकच्याच द्वारका चौकातल्या गर्दीतून टेम्पोने मला इथे आणलं. माझ्या स्वागताच्या समारंभाला भागीबाई लहानग्या नातीला घेऊन आल्या होत्या. माझ्यावर हात ठेवून त्यांनी ग्रंथपाल किशोरला विचारलं, "ह्यो काय करील?"

"आजी, हा तुमचा आवाज राखील."

"मंग बरं. मी नाय राह्यले तरी पोरीला आयकाय मिळंल."

काय अभिमान वाटला मला! कधी एकदा कामाला लागतो असं झालं.

पण वाचनालयाचे कार्यवाह खंडेराव ओरडले, "प्लास्टिक काढू नका रे! परदेशी वस्तू आहे. वापरली की जुनी होते." झालं! मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. पाहुणे आले की मला दाखवायचे. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, वर नारळाचं पाणी. ओल शोषायला आलेल्या मलाच ओलं करायचे! टेपा मात्र तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात. तिथल्या भिंतींना श्रावणात पाणी सुटायचं.

किशोर दर पावसाळ्यात विचारायचा, "साहेब, यंत्र खाली नेऊ का?"

"आणि बिघडलं तर? दुरुस्त करायला ओझरच्या कारखान्यातून विमानवाले बोलवायचे का?"

सगळे हसायचे. किशोरही हसायचा आणि निघून जायचा. मला त्याचा जास्त राग यायचा, कारण त्याला सगळं कळत होतं.

प्रत कधी पाठवता, असं हॉलंडहून दोन-तीनदा विचारणं झालं. खंडेराव बैठकीत छाती काढून म्हणाले, "आपला ठेवा आपण बाहेर जाऊ देणार नाही." टाळ्या पडल्या. तो ठेवा कुठे पडलाय हे बघायला टाळ्या वाजवणारा एकही जण जिना उतरला नाही.

२००६ साली ती नात आली. ज्योत्स्ना. कॉलेजात शिकत होती. म्हणाली, "आजी गेली. यंदा घरी कणसरीची पूजा हाय, पण गाणारं कुणी नाय. आजीची टेप लावू म्हटलं."

किशोर टेपा घेऊन वर आला. त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती. त्याने एक पुसून लावली. खरखर झाली, गाण्याआधी भागीबाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला आणि फीत तुटली. बाकीच्या तर फिरल्याच नाहीत.

"मग हॉलंडला दिलेली?" ज्योत्स्नाने विचारलं.

किशोरने खंडेरावांकडे पाहिलं. खंडेराव म्हणाले, "पण पोरी, त्यांचं यंत्र बघ. अजून नवंकोरं ठेवलंय आम्ही."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुढे आली आणि माझ्यावरचं प्लास्टिक तिने टराटरा फाडलं. "लावा. माझ्यासमोर चालू करा."

किशोरने बटण दाबलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घरघरलो. ती डोळे न पुसता ऐकत उभी राहिली, मग तुटकी फीत ओढणीत बांधून निघून गेली.

त्यानंतर शरमेने म्हणा, मला तळमजल्यावर नेलं. आता मी चोख काम करतो. माझ्या पोटात साठलेलं पाणी शिपाई सकाळी तुळशीला घालतो. भिंती कोरड्या ठणठणीत आहेत. बाद टेपा फेकून दिल्यापासून लोखंडी कपाट रिकामं आहे.

वाचकहो, कुणी विश्वासाने काही जपायला दिलं तर माझ्यासारख्याला हार घालू नका, कामाला लावा. भागीबाईंचा आवाज राखायला मी सातासमुद्रापलीकडून आलो होतो. या खोलीत आता एकच आवाज आहे, माझ्या घरघरीचा.