पहिल्या क्रमांकाची शिफारस

'कंत्राटदार आणि स्वतंत्र व्यावसायिकांसाठी दहा उत्तम ऑनलाइन हिशेब सेवा' हा लेख ताईने एका दुपारी, एका हाताने टोस्ट खात लिहिला. त्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस जगात असेलच, तर त्याच्या हाती पैसा देऊ नये, असं तिचं मत तेव्हाच झालं होतं.

दहांपैकी एकही सेवा तिने वापरून पाहिली नव्हती. तशी गरजही नव्हती. क्रम वरून ठरून येई. ज्याने वेबसाइटला जास्त पैसे मोजले तो पहिला, ज्याने काहीच मोजले नाहीत तो यादी भरायला नववा-दहावा. तिच्यासाठी दहाही सारख्याच होत्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर एक बाई लॅपटॉपकडे बघून खदखदून हसत होती. हिशेब बघून हसलेलं माणूस ताईने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रडलेली बरीच पाहिली होती.

वेबसाइटचा संपादक म्हणवणारा एक गृहस्थ होता. त्याने निरोप पाठवला होता, "पहिल्या नंबरवाल्यांकडे सध्या अकाउंटंट नाहीत, फक्त बिलं बनवायचं सॉफ्टवेअर आहे. त्यावर भर नको. 'तज्ज्ञांचं पाठबळ' असं काहीतरी घाला." ताईने 'असं काहीतरी' शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. तेच दोन शब्द घातले.

लेखाच्या सुरुवातीला मात्र माणूस हवा होता, म्हणून तिने आपला धाकटा भाऊ उचलला. तो वायरिंगची कंत्राटं घेई. सामानाच्या पावत्या शर्टाच्या खिशात कोंबी आणि शर्ट धुवायला टाकी. ताईने लिहिलं, 'दिवसभर लोकांची घरं उजळणारा आणि घरी आल्यावर स्वतःच्या खिशातल्या चुरगळलेल्या पावत्या मांडीवर ठेवून सरळ करत बसणारा माणूस तुम्हीच आहात का?' लिहिताना तिला हसू आलं होतं, आणि ते हसू काही मायेचं नव्हतं.

घरात कुणाला या उद्योगाचा पत्ता नव्हता. ताईने तरुणपणी दोन कादंबऱ्यांचं भाषांतर केलं होतं. धाकट्याने ती दोन्ही पुस्तकं काचेच्या कपाटात उभी करून ठेवली होती, आणि आल्यागेल्याला तो सांगे, "आमची ताई पुस्तकं लिहिते." पुस्तकं त्याने उघडली नव्हती. ताईही त्याचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडली नव्हती.

लेखाला दोन महिने झाले असतील. एका बुधवारी सकाळी धाकटा आणि भावजय दोघंही दारात उभी. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले छापील कागद.

"ताई, दहा मिनिटं काढ. तुझ्या डोक्याचं काम आहे."

"बस. डोकं आहे, मिनिटं नाहीत."

"वन्सं, चहा मी टाकते," म्हणत भावजय सरळ आत गेली. ताईच्या हातचा चहा तिला सोसत नसे.

धाकट्याने हकिगत सांगितली. एका हॉस्पिटलच्या दोन इमारतींच्या, एक जुनी आणि एक नवी, वायरिंगचं काम निघालं होतं. असं काम त्याच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. अट एकच होती. दोन वर्षांचे हिशेब तपासून अकाउंटंटने दिलेला दाखला शुक्रवारपर्यंत जोडायचा. आणि त्याचा जुना अकाउंटंट काम बंद करून लेकीकडे राहायला गेला होता, फाइल याच्या हातात देऊन.

"म्हणून आता ऑनलाइन सेवा घेतोय. सगळं शोधून काढलंय मी. पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरले की लगेच सुरू. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून म्हटलं आधी ताईला दाखवू."

त्याने कागद टेबलावर पसरले. भिंतीवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीने ओळी अधोरेखित केल्या होत्या. ताईने शीर्षक वाचलं. तो तिचाच लेख होता.

"हे?" ती म्हणाली. "हे वाचून तू ठरवलंस? अरे, असले लेख म्हणजे शिळ्या कढीला ऊत. भाड्याचे लोक लिहितात हे."

"तुला काय, सगळंच टाकाऊ वाटतं."

"हे टाकाऊच आहे."

"माझं लग्नाचं कार्डही टाकाऊ होतं. घराचा रंग टाकाऊ होता. माझी गाडी बघून काय म्हणाली होतीस?"

ताई गाडी बघून 'डबा' म्हणाली होती. गाडी चांगली निघाली होती.

"ते सोड. 'तज्ज्ञांचं पाठबळ' म्हणजे काय, ते विचारलंस का कुणाला?"

"विचारायचं काय? तज्ज्ञ आहेत आणि त्यांचं पाठबळ आहे. सरळ लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून आहे?"

"तुझ्या पुस्तकांत जे लिहिलंय ते नसतं वाटतं?"

भावजय चहा घेऊन आली. तिनेही कागदावर बोट ठेवलं. "वन्सं, ही पहिली ओळ वाचा. पावत्या मांडीवर सरळ करत बसणारा. अहो, हे हुबेहूब यांचंच चित्र! मी वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. लिहिणाऱ्याने असा माणूस जवळून पाहिलाय. त्याला कळवळा आहे. उगीच का आम्ही विश्वास ठेवला?"

"कळवळा!" ताई म्हणाली.

आयुष्यभर तिने नावं ठेवली होती. पडद्यांना, पंख्यांना, लोकांच्या जावयांना, वर्तमानपत्रांना. ती नाक मुरडायची आणि समोरचे हसून सोडून द्यायचे. आज खरोखरच आग लागली होती, आणि तिच्या ओरडण्याला कुणी भीक घालत नव्हतं. धाकट्याने खिशातून फोन काढला. पैसे भरायचं पान उघडंच होतं.

"थांब," ताई म्हणाली. "ते मी लिहिलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा हसायला लागला. "ताई, काहीही! तू पुस्तकं लिहितेस."

"वन्सं, राग मानू नका," भावजय म्हणाली, "पण हे लिहिणारं माणूस प्रेमळ आहे."

 ताई उठली, लॅपटॉप आणला आणि संपादकाचा निरोप उघडून भावासमोर ठेवला. धाकट्याने ओळीखाली बोट धरून, सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चहावर साय धरली.

"म्हणजे पैसे भरले असते, आणि दाखला आलाच नसता."

"नाही."

"तुला हे माहीत होतं."

"हो."

"आणि या दहांतली चांगली कुठली?"

"माहीत नाही. मी एकही पाहिलेली नाही."

"दहांवर लिहिलंस, आणि एकही पाहिली नाहीस."

"असले लेख कुणी खरं मानून वाचत असेल, असं वाटलं नव्हतं मला."

"कुणी म्हणजे मूर्ख," धाकटा म्हणाला. "स्पष्ट बोल ना. एरवी बोलतेस."

ताईने लॅपटॉप मिटला.

"आमच्या वायरिंगवाल्यांत एक जण होता. बोर्ड न उघडताच वरती 'तपासला' अशी चिठ्ठी चिकटवायचा. स्वभावाने चांगला, गोष्टी फार छान सांगायचा. आम्ही त्याला कामावर बोलावणं बंद केलं, एवढंच." हे तो इतक्या शांतपणे बोलला की ताईला वाटलं, याने कप फोडला असता तर बरं झालं असतं.

"अहो, भांडण शुक्रवारनंतर," भावजय म्हणाली. "वन्सं, फोन काढा. दहाच्या दहा. आणि आवाज मोठा ठेवा, आम्हालाही ऐकू द्या."

ताईने फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या नंबरवर एक यंत्र 'तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगत राहिलं, आणि तो मोलाचा वेळ त्याने बावीस मिनिटं खाल्ला. दुसऱ्या नंबरवर एका उत्साही तरुणाने तिला 'मित्रा' म्हणून हाक मारली आणि दाखल्याचं नाव काढताच फोन कुणा दुसऱ्याकडे दिला. त्या दुसऱ्याने तो ठेवूनच दिला. तिसरी सेवा बंद पडून वर्ष झालं होतं. लेखात मात्र ती 'झपाट्याने वाढणारी' होती. धाकट्याने ते वाक्य कागदावर शोधलं, त्यावर काट मारली आणि पेन्सिल ताईपुढे सरकवली. यापुढची काट तिनेच मारायची, असा त्याचा अर्थ. चौथी, पाचवी, सहावी. आपलीच विशेषणं एकेक करून खोडताना ताईला कळलं, की इतकी वर्षं जगाची टिंगल करणाऱ्या तिला टिंगलीचा खरा माल घरातच मिळाला असता.

नववीला लेखात दोनच ओळी होत्या, 'जुनाट वेबसाइट, मर्यादित सुविधा'. त्यांच्याकडून पैसे न आल्याने त्या दोन ओळीही ताईने अंदाजानेच लिहिल्या होत्या. दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. पलीकडे सर्दी झालेली एक बाई होती.

"जुन्या अकाउंटंटने फाइल परत दिलीय का? पूर्ण? बँकेचे कागदही?"

"सगळं आहे," धाकटा वाकून फोनमध्ये म्हणाला.

"दाखला कधी हवाय?"

"शुक्रवारी."

"नाही होणार." बाई सडेतोड शिंकली. "दोन वर्षं न बघता मी सही करणार नाही. मंगळवारी दुपारी देते. फाइल माझ्याकडे तपासायला आहे, असं पत्र आज देते. ते दाखवून हॉस्पिटलकडे मुदत मागा. देतील, न देतील. पैसे काम झाल्यावर."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "नाही म्हणाली," तो म्हणाला. "हीच घेऊ."

दहाव्या नंबरला त्याने फोन लावू दिला नाही.

हॉस्पिटलने मुदत दिली, पण तोवर नवी इमारत दुसऱ्या कंत्राटदाराला गेली होती. धाकट्याच्या वाट्याला जुनी आली, कामाला किचकट आणि मिळकतीला निम्मी. त्याने ते फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. ताईने संपादकाला लिहिलं की लेखातली पहिली आणि तिसरी सेवा काढा, निदान ते दोन शब्द तरी काढा. 'छान सूचना, पुढच्या आवृत्तीत बघू,' असं उत्तर आलं. लेख अजून तिथेच आहे, आणि हसणारी बाईही. ताईने त्या वेबसाइटचं काम सोडलं. त्याने वेबसाइटला काडीचाही फरक पडला नाही. तिच्या जागी आलेल्याने नवी यादी तिच्याहून लवकर दिली म्हणतात.

कपाटातली पुस्तकं धाकट्याने हलवली नाहीत. रविवारी त्याचा फोन येतो, पूर्वीइतकाच नेमाने. पूर्वी तो ताईने केलेली जगाची टिंगल ऐकायला फोन करी. आता त्याच्यापुढे काहीतरी वाचलेलं असतं. कधी पाण्याच्या मोटारीवरचं, कधी भावजयीच्या गुडघ्याच्या औषधावरचं.

"हे तुझं आहे का, ताई?"

"नाही."

"मग खरं आहे का, ते बघून सांग. घाई नाही."

त्याच्या आवाजात टोमणा नसतो. टोमणा असता तर ताईकडे उत्तर तयार होतं. ती चष्मा लावते, कंपनीचा नंबर शोधते आणि फोन कुणी उचलतंय का, त्याची वाट बघत बसते.