कॉम्प्युटरला कोणी उठवलं?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विनायकराव ताम्हनकर कॉम्प्युटर कधी बंद करत नाहीत. चालू व्हायला चार मिनिटं लागतात, आणि त्या चार मिनिटांत देशाचं केवढं नुकसान होतं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. म्हणून दुपारी जेवायला जाताना ते त्याला नुसतं झोपवून जातात. निवृत्तीआधी ते द्रोणागिरीला एका गोदामात मॅनेजर होते. तिथे दोनशे माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती म्हणे. इथे नवीन पनवेलात एक कॉम्प्युटर त्यांचं ऐकेना.

दसरा झाला आणि तो आपोआप जागा व्हायला लागला. दुपारी अडीचच्या सुमाराला, विनायकराव घरी जेवत असताना, स्क्रीन उजळायचा. हे पहिल्यांदा दिसलं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विनायकरावांचा संदेश आला: ‘सोसायटीच्या डेटावर कुणाचा तरी डोळा आहे.’ डेटा म्हणजे काय, तर कोणाची गाडी कुठे लागते आणि कोणाचं कुत्रं जिन्यात घाण करतं. मी चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, अर्ध्या रायगड जिल्ह्याची बोलणी माझ्या कानावरून गेली. असला डेटा चोरणाऱ्याची मला कीवच आली असती.

मग सीसीटीव्ही तपासला. कॅमेरा पॅसेजमध्ये आहे. त्यात दिसलं, की अडीचला गोदूबाई केरसुणी घेऊन ऑफिसात शिरते आणि मिनिटभरात काचेच्या दारातून निळा उजेड येतो. तीन दिवस तेच. झालं, चोर सापडला.

गोदूबाई आमचे जिने झाडते त्याला अकरा वर्षं झाली. कर्नाळ्याकडच्या एका गावातून ती सकाळी आठला येते. घरी ती आणि तिची नात, दोघींचं पोट या कामावर. अडीचला, पंप सुरू व्हायच्या वेळेला, ऑफिस झाडायला घेते, मग पाण्याला जोर आला की पॅसेज धुते, आणि तीनला माझ्याकडे चहाला येते. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर खुर्चीवर बसते, आणि तिचा कप वेगळा नाही. या इमारतीत असं करणारं दुसरं घर नाही, हे मी मुद्दाम सांगते.

कमिटीने तिला बोलावलं. कमिटी म्हणजे विनायकराव, घरून कॉम्प्युटरवरच नोकरी करणारी मिताली, आणि मी.

“पासवर्ड कोणी दिला?” विनायकरावांनी विचारलं.

“काय दिला?” गोदूबाई म्हणाली.

“सोंग करू नकोस. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय.”

“सायेब, मी त्याला फडका पन मारत नाय. शॉक लागंल म्हनून भ्येते.”

त्यावर विनायकरावांनी काय करावं? गणपतीच्या फोटोपुढचा नारळ उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “घे शपथ.” एका भिंतीवर कॅमेरा, दुसरीवर वायफाय, आणि मधे हा नारळ! गोदूबाईने हात पदराला पुसले. नारळावर हात ठेवून म्हणाली, “मी हात लावला आसंल तर माझी नात मना दिसायची नाय.” मितालीने खाली बघितलं. विनायकराव म्हणाले, “ठीक आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नकोस.” मग शपथ कशाला घ्यायला लावली, हे विचारण्याइतकी अक्कल त्या खोलीत फक्त मला होती. मनातल्या मनात मी त्या माणसाला काय काय म्हणाले, ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

गोदूबाई गेली. दुसऱ्या दिवशी अडीचला कॉम्प्युटर जागा झाला. तिसऱ्या दिवशीही झाला.

एखाद्या शहाण्याच्या डोक्यात इथे उजेड पडला असता. विनायकराव म्हणाले, “जाता जाता काहीतरी करून गेली.” मितालीला महिन्याला लाखावर पगार आहे. ती म्हणाली, “काका, व्हायरस टाकला असेल.” ज्या बाईला पासवर्ड हा शब्द कळला नाही, तिने व्हायरस टाकला! चौथ्या दिवशी मॉनिटरला लिंबू-मिरची लटकली. ती कोणी बांधली, ते कोणी कबूल केलं नाही.

शेवटी मीच इक्बालला फोन केला. जुन्या पनवेलात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. बारा वर्षं कतारला हेच काम करून आला. माणूस कमी बोलतो, म्हणून मला आवडतो. तो दोन वाजता आला, लिंबू-मिरची बोटाने बाजूला केली आणि बसला.

“याला कोणी उठवलं ते यालाच विचारू या,” तो म्हणाला.

“हा सांगतो?” विनायकरावांनी विचारलं.

“नेहमी नाही सांगत. पण पुष्कळदा नोंद ठेवतो.” त्याने काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली. उत्तर आलं. “माउस.”

“बघा!” विनायकराव खुर्चीतून उठलेच. “म्हणजे हलवला ना कोणीतरी!”

इक्बालने कॉम्प्युटर झोपवला, दाराला आतून कडी लावली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. आम्हालाही मागे सरायला सांगितलं. अडीच वाजले. भिंतीपलीकडच्या खोलीत पंप घरघरला. टेबलाला कंप सुटला, वरची काच बारीक वाजायला लागली. कोणी बोटही लावलं नव्हतं. स्क्रीन लख्ख उजळला.

कॉम्प्युटर रोज अडीचला उठायचा, कारण पंप अडीचला सुरू व्हायचा. गोदूबाईही पंपाच्याच वेळेला यायची.

“काचेवर माउसला नीट दिसत नाही,” इक्बाल म्हणाला. “जरा थरथर झाली की त्याला वाटतं, हाताने हलवलं. पॅड नाही का याला? पूर्वी असणार.”

पॅड होतं. गणपतीच्या फोटोमागे होतं. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा मी केली होती. पॅडवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पूजेला लागलेल्या वस्तूवर माउस घासू नये म्हणून उचलून वर ठेवलं. मी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. लिंबू-मिरचीला हसणारी मीच.

इक्बालने माउसला कॉम्प्युटर उठवायची जी परवानगी होती, ती काढून घेतली. एका चौकटीतली खूण पुसली, एवढंच. अर्धं मिनिट लागलं. पंप चालूच होता. पुन्हा झोपवलेला कॉम्प्युटर झोपूनच राहिला.

“गैरसमज झाला,” विनायकराव म्हणाले. “वॉचमनला सांगा, तिला निरोप दे. उद्यापासून ये म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी ती आली. धुतलेलं पातळ नेसून आली, केरसुणी घेतली नव्हती. ऑफिसच्या दारात उभी राहिली.

“नारल कुठं हाय?” तिने विचारलं.

विनायकरावांना कळलं नाही.

“मी हात ठेवला व्हता. आता ज्यानं माज्यावर आल घातला त्यानं ठेवावा, नि बोलावं, गोदूनं केला नाय.”

विनायकराव मोबाइलमध्ये बघायला लागले. दोनशे माणसांचा मॅनेजर! मितालीला तेवढ्यात मीटिंग आठवली. मला दोघांचीही किळस आली. मी पुढे झाले, नारळ टेबलावर आणला, त्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “गोदूबाईने काही केलं नाही. चूक माझी. पॅड मी उचलून ठेवलं होतं.” खरं सांगते, म्हणताना मला बरं वाटत होतं. या इमारतीत एक तरी माणूस आहे, असंच वाटत होतं.

गोदूबाई माझ्याकडे वळली.

“पॅडचा काय ताई, तुमाला तरी कुठं ठाव व्हता,” ती म्हणाली. “पन मी तसली नाय, ह्ये तर ठाव व्हता ना? त्या दिशी तुमी हितंच बसल्या व्हत्या.”

मग तिने जिन्याखालची केरसुणी घेतली आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.

ती अजून येते. घर चालवायचं तर यावंच लागतं. कॉम्प्युटर आता दुपारभर झोपलेला असतो. मी तीनला दोन कप चहा टाकते आणि दार उघडं ठेवते. बादली घेऊन ती दारावरून जाते तेव्हा मी हाक मारते.

“नको ताई, घरून पिऊन आले,” ती म्हणते.

सकाळी आठपासून ती इथेच असते.