वाकला नाही तो बुरूज

मित्रांनो, मी एक जुना बुरूज आहे. मोडका म्हणा, हरकत नाही. पण पडका म्हणू नका. पडलेले माझ्या पायाशी आहेत.

मला एका पाथरवटाने घडवले. काळा दगड, चुन्याचा घट्ट सांधा, आणि मापात चूक झाली तर चिरा पुन्हा उतरवायचा, असा त्याचा हट्ट. पुढे वेढा पडला. दिवसभर तोफगोळे मला फोडत आणि अंधार पडला की पाथरवट व त्याची बायको माझी भगदाडे बुजवत. शेवटी दाणागोटा संपला. उपाशी शिबंदीने दरवाजा उघडला.

जिंकलेल्या सेनापतीने किल्ला उडवून देण्याचा हुकूम सोडला. पाथरवटाला माझ्यापुढे उभे केले.

"तूच बांधलास ना हा? सुरुंग कुठे लावायचा, तेही तूच सांग."

"ठाऊक आहे, सरकार. पण सांगणार नाही."

"जिवाची पर्वा नाही?"

"आहे ना! म्हणून तर इतके दिवस धोंडे वाहिले," त्याची बायको मागून बोलली.

सैनिकांनी पाथरवटाच्या मुसक्या बांधल्या आणि त्याला गडाखाली नेले. मग अंदाजानेच दारू ठासली. दरवाजा कोसळला, तट कोसळला, माझे भाऊबंद आडवे झाले. मी डोक्यापासून पायापर्यंत तडकलो, पण जागचा हललो नाही. धूर विरला, तेव्हा खालच्या वाटेवर पाथरवट मान वळवून पाहत होता. हात बांधलेले असतानाही तो खदखदून हसला. तो पुन्हा कधीच दिसला नाही.

बायको मात्र इथेच राहिली. लोक घरांसाठी दगड न्यायला येत. ती कमरेवर हात ठेवून म्हणे, "पडलेले खुशाल न्या. उभ्याला हात लावाल, तर गाठ माझ्याशी आहे!" तिच्या हयातीत माझा एकही चिरा हलला नाही.

तीही गेली. मग मला कोणी वाली उरला नाही. कोणी माझे चिरे उपटून गोठ्याला लावले, कोणी खिळ्याने अंगावर नावे कोरली. परवा दोघे अधिकारी आले. "धोकादायक आहे, पाडून टाकू," एक म्हणाला. मी ऐकून घेतले. तोफांनी जे साधले नाही, ते तो सहीने साधू पाहतो!

मित्रांनो, मला तुमची कीव नको. भेगेतली रोपे कोवळी असतानाच उपटा. चुना भरा. एवढे केलेत, तर पाडायला येणाऱ्यांचे मी बघून घेईन.